गोळी आधी, पुंगळी मागून

अमेरिकेतल्या जुन्या धाटणीच्या रायफल-स्पर्धांचे व्हिडिओ पाहणारा एका जागी हमखास गोंधळतो. नेमबाज रायफलीचं मागचं दार उघडतो, शिशाची एक सुटी गोळी आत सरकवतो आणि लिव्हर असलेलं एक अवजार लावून ती पुढे दाबतो. अवजार काढून घेतो. मग दारू भरलेली, पण पुढच्या तोंडाला गोळी नसलेली काडतुसाची पुंगळी तिच्यामागे ठेवतो, दार लावतो आणि नेम धरतो. गोळी, दारू आणि टोपी एकत्र बांधलेलं तयार काडतूस दीडशे वर्षांपूर्वीच सर्वत्र रुळलं होतं. मग ते पुन्हा सुटं करून दोन हप्त्यांत भरायचं, हा उफराटा उद्योग कशासाठी?

दोनशे यार्डांवर, उभ्याने, दीड इंचाच्या वर्तुळात गोळी घालायची असेल तर हा उद्योग परवडतो. तयार काडतुसातली गोळी बार उडेपर्यंत थोडी मोकळी असते, आणि तेवढं मोकळेपण मऊ शिशाला महागात पडतं. ब्रीच-सीटिंग नावाची ही पद्धत ते मोकळेपण बार उडण्याआधीच काढून घेते. साचे, अवजारं आणि जुन्या नेमबाजांमधले वाद, सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कामापुरते शब्द

रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात. दोन खाचांमध्ये जो उंच पट्टा उरतो त्याला इथे वरंबा म्हणू. गोळी वरंब्यांत रुतते आणि त्यांच्या पिळाबरोबर फिरत पुढे जाते. फिरते म्हणूनच ती हवेत कोलांट्या खात नाही. नळीच्या मागच्या टोकाला ब्रीच म्हणतात. तिथे पुंगळी मावेल असं रुंद घर असतं, ते चेंबर. पुंगळीच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी असते. ओतीव गोळी म्हणजे वितळलेलं शिसं साच्यात ओतून केलेली, तांब्याचं आवरण नसलेली गोळी. ती पुंगळीत न खोचता ब्रीचमधून थेट वरंब्यांत दाबून बसवणं म्हणजे ब्रीच-सीटिंग. आणि हे सगळं चालतं ते एकबारी रायफलीत, म्हणजे जिला मॅगझीन नाही आणि जी एका वेळी एकच काडतूस घेते अशा रायफलीत.

वजनाचं माप ग्रेन. एका पौंडात ७००० ग्रेन. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे जो तोळा ठरवला गेला तो बरोबर १८० ग्रेनांचा होता, म्हणजे माप आपल्याला अगदीच परकं नाही. या खेळातल्या एका लाडक्या काडतुसाचं नाव ३२-४०. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, साधारण इंचाचे बत्तीस शतांश. दुसरा मुळात त्यात मावणाऱ्या काळ्या दारूचा, ४० ग्रेन. त्याची स्पर्धेतली गोळी बहुधा १९० ते २०० ग्रेनांची असते, तोळ्याहून थोडी जड.

तयार काडतुसात बिघडतं काय

पुंगळी चेंबरमध्ये सहज जावी आणि बार झाल्यावर सहज निघावी, म्हणून चेंबर तिच्यापेक्षा किंचित मोठं ठेवावंच लागतं. परिणामी काडतूस चेंबरच्या तळाला टेकून पडतं आणि गोळीचा अक्ष नळीच्या अक्षाच्या थोडा खाली येतो. त्यात पुंगळीच्या तोंडाची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते, त्यामुळे गोळी एका अंगाला झुकते. शिवाय गोळीचं नाक आणि वरंब्यांची सुरुवात यांच्यात बहुधा थोडी फट असते.

टोपी फुटली की दाबाचा धक्का गोळीच्या बुडावर बसतो. ती फट ओलांडून वरंब्यांवर आदळते, आणि जशी झुकलेली असेल तशीच त्यांत घुसते. बाटलीचं झाकण पहिल्याच आट्यावर तिरकं लागलं, की पुढे जोर वाढवून ते सरळ होत नाही, उलट आटेच खराब होतात. इथेही तेच होतं, फक्त जोर हाताचा नसून बंद पुंगळीतल्या वायूचा असतो. एका बाजूचं शिसं जास्त खरवडलं जातं, दुसरी बाजू कोरी राहते. बाहेर पडणारी गोळी दिसायला गोल असते, पण तिचं वजन आता मध्यावर नसतं.

तांब्याचं आवरण असलेली कठीण गोळी हा अन्याय बराचसा सोसते. शिसं सोसत नाही.

इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब

नळीत असताना गोळी नळीच्या अक्षाभोवती फिरते, तिला दुसरा मार्गच नसतो. नळी सुटली की ती स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. हे दोन एकाच जागी नसतील तर गुरुत्वमध्य नळीच्या आत एक चिमुकलं वर्तुळ काढत पुढे येत असतो, आणि तोंडाशी पोचताना ज्या बाजूला चालला असेल त्याच बाजूला थोडा सटकतो.

किती सटकतो, ते कागदावर काढता येतं. ३२-४० च्या नळीचा पीळ साधारण १६ इंचांत एक फेरा असा असतो. गुरुत्वमध्य इंचाच्या एक हजारांशाने, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाने बाजूला असेल, तर त्याच्या वर्तुळाचा परीघ ०.००६३ इंच. म्हणजे १६ इंच पुढे जाताना गोळी ०.००६३ इंच आडवी जाते. दोनशे यार्ड म्हणजे ७२०० इंच, सोळाचे ४५० तुकडे. गुणाकार येतो २.८ इंच, सात सेंटिमीटर. गंमत म्हणजे या हिशेबात वेग कुठेच येत नाही. गोळी जोरात मारा की हळू, सटकण्याचा कोन तोच.

आता निशाणाकडे पाहू. या स्पर्धांच्या जर्मन रिंग नावाच्या निशाणात सर्वांत आतलं २५ गुणांचं वर्तुळ दीड इंच व्यासाचं असतं, आणि बाहेरचं प्रत्येक कडं पाऊण इंच रुंद. हात दगडासारखा स्थिर असला तरी २.८ इंच सटकलेली गोळी २२ गुणांत जाते. दहा गोळ्यांचे कमाल गुण २५०. जिंकणारा आणि चौथा यांच्यात बरेचदा चारपाच गुणांचंच अंतर असतं, तेव्हा एका गोळीमागे तीन गुण कोणाला परवडणार?

या हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. गोळी दर वेळी त्याच बाजूला तेवढीच सटकत असेल तर काहीच बिघडत नाही. सगळ्या गोळ्या २.८ इंच डावीकडे जात असतील तर नेम धरायची साइट तेवढी फिरवली की काम झालं. घात होतो तो बाजू दर वेळी बदलते तेव्हा. म्हणून जाणकार गोळी निर्दोष करण्यापेक्षा प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी करण्यावर जास्त वेळ घालवतात. काही जण साच्यातच एक बारीक खूण कोरून घेतात. ती खूण गोळीवर उमटते आणि प्रत्येक गोळी खूण वर ठेवूनच नळीत बसवली जाते. पुंगळीच्या काठावरही कानशीने खाच असते, तीही वर. बाहेरून पाहणाऱ्याला हा सोवळेपणा वाटतो. वरचा गुणाकार केला की वाटत नाही.

ही पद्धत कुठून आली

जर्मन, स्विस आणि ऑस्ट्रियन लोक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेले, ते आपली नेमबाज मंडळं बरोबर घेऊन गेले. न्यूयॉर्कच्या आसपास, मिलवॉकीत, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची मैदानं होती. सामने दोनशे यार्डांवर, उभ्याने, आधाराशिवाय. याला शुत्झेन नेमबाजी म्हणतात. रायफली बॅलर्ड, स्टीव्हन्स, विंचेस्टर हाय वॉल अशा एकबारी. नळ्या तीस-बत्तीस इंच लांब आणि चांगल्या जाडजूड.

या जगातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे नळ्या घडवणारा हॅरी पोप, जन्म १८६१. त्याच्या नळ्यांना आठ खाचा, डावा पीळ, आणि तो पीळ पुढे जाताना किंचित घट्ट होत जाणारा. १९०६ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या भूकंपात ते गेलं. पुढे जर्सी सिटीत त्याने दीर्घ काळ काम केलं. त्याच्याच नळीतून कोलोरॅडोच्या रोलंडने १९०१ साली टेकूवरून दोनशे यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर, केंद्र ते केंद्र, पाऊण इंचाहूनही कमी भरलं. शिशाच्या गोळीच्या संदर्भात तो आकडा आजही आदराने सांगितला जातो.

पण पोप स्वतः ब्रीच-सीटिंगचा भक्त नव्हता. तो गोळी पुढून, नळीच्या तोंडातून घालायचा, आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीसारखी, आणि दारूची पुंगळी मात्र मागून. नळीच्या तोंडावर त्याच नळीचा कापलेला तुकडा, म्हणजे ‘खोटं तोंड’, खुंट्यांवर बसवायचा, म्हणजे गोळी खाचांत अचूक शिरते. मग गजाने ती ब्रीचपर्यंत ढकलायची. त्याचं कारण ठोस होतं. वरंबे गोळीत रुततात तेव्हा दाबलं गेलेलं शिसं मागे सरकतं. गोळी मागून बसवली तर हे शिसं तिच्या बुडाच्या काठाला बारीक कुसळांसारखं चिकटून राहतं. पुढून घातली तर ती कुसळं नाकाच्या बाजूला जातात आणि बूड स्वच्छ राहतं. शिवाय खाली येणारी गोळी आधीच्या बाराची काजळी दर वेळी सारखीच पुसत येते.

बुडाचं एवढं काय कौतुक, याचं उत्तर मॅसॅच्युसेट्सच्या फ्रँकलिन मान या डॉक्टरांनी दिलं. त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून निष्कर्ष १९०९ साली छापले. गोळ्या मुद्दाम बिघडवून, मार्गात कागदाचे पडदे लावून त्या कशा जातात ते त्यांनी पाहिलं. नाक ठेचलेल्या गोळ्या जवळपास सरळ गेल्या. बुडाला जखम झालेल्या भरकटल्या. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी वायू बुडाच्या काठावरून सुटतो. काठ एका जागी तुटका असेल तर तो तिथून आधी सुटतो आणि गोळीला ढोसतो.

मग पोप बरोबर की ब्रीच-सीटिंगवाले? पुढून ठासणं तत्त्वाने किंचित सरस, असं मला वाटतं. पण दर बाराला मोठी रायफल उभी करून तोंडाशी झटापट करावी लागते, खोटं तोंड एकदा जरी काढायचं राहिलं तरी ते निशाणाकडे उडून जातं, आणि चांगलं ब्रीच-सीटिंग त्याच्या इतकं जवळ येतं की उरलेला फरक वारा खाऊन टाकतो. पहिल्या महायुद्धात जर्मन वळणाच्या सगळ्याच गोष्टींवर अमेरिकेत रोष आला, मंडळं विरली. १९४८ साली अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळ पुन्हा उभा राहिला. तिथे आज बहुतेक जण मागूनच गोळी बसवतात.

गोळी कशी हवी

शिसं आणि कथील, वजनाने पंचवीसास एक किंवा तीसास एक. कथलामुळे मिश्रण साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरतं आणि थोडं कठीण होतं. भांड्याचं तापमान ३७० ते ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात, फार तापला तर ती पांढुरकी आणि खरखरीत निघते. पहिल्या दहा-पंधरा सरळ भांड्यात परत. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर वाफेचा स्फोट होऊन शिसं अंगावर उडतं, आणि शिशाची धूळ-वाफ हे सावकाश चढणारं विष आहे. मोकळी हवा, झाकलेलं अंग, नंतर साबणाने धुतलेले हात, यात तडजोड नाही.

साधारण साच्यात शिसं बुडाकडून ओततात, त्यामुळे तोंडाशी उरलेला तुकडा कापताना व्रण नेमका बुडावर राहतो. पोपचे साचे नाकाकडून ओतायचे होते, ते यासाठीच.

आकार सर्वांत कळीचा. चांगली गोळी पुढून बारीक, मागून जाड अशी किंचित निमुळती असते. ३२-४० च्या नळीत वरंब्यांमधलं अंतर साधारण ०.३१२ इंच आणि खाचांच्या तळांमधलं ०.३२० ते ०.३२२ इंच. गोळीचा पुढचा भाग वरंब्यांवर जेमतेम सरकेल इतका, आणि बुडाचं कडं खाचेपेक्षा इंचाच्या एका हजारांशाने जाड. असं असलं की गोळी आपोआप मध्यावर येते, आणि जोर लागतो तो फक्त शेवटच्या कड्याला. गोळ्या तोलून अर्ध्या ग्रेनाच्या आतल्या एका ढिगात घालतात. जास्त हलकी म्हणजे आत हवेचा बुडबुडा. मग भिंगाखाली बूड पाहायचं. काठ सगळीकडे धारदार हवा. जराशी गोलाई दिसली तरी ती गोळी सरावाला.

गोळीवरच्या आडव्या खाचांत वंगण भरतात. एक जुनी लोकप्रिय पाककृती: पाच भाग मधमाशीचं मेण, चार भाग वनस्पती तूप, एक भाग खाद्यतेल. वंगण कमी पडलं तर नळीच्या तोंडाजवळ शिसं चिकटू लागतं. पुरेसं असेल तर बारानंतर तोंडावर ओलसर वंगणाचं तारांगण उमटतं, आणि ते पाहून नेमबाज सुखावतो.

बसवायची कशी

अवजारं दोन प्रकारची. साधं म्हणजे खोटी पुंगळी: चेंबरमध्ये बरोबर बसणारा धातूचा तुकडा, त्याच्या पुढे गोळीच्या बुडाला टेकणारा सपाट दट्ट्या. गोळी वंगण लावून चेंबरच्या पुढच्या तोंडाशी ठेवायची, खोटी पुंगळी मागून घालायची आणि तळहाताने, नाहीतर छोट्या लाकडी हातोडीने, ती काठाला टेकेपर्यंत दाबायची. दुसरं म्हणजे लिव्हरचं. त्याचा आकडा रायफलीच्या सांगाड्यात अडकतो आणि दांडा दाबला की दट्ट्या एकसारख्या जोराने पुढे जातो. ज्याला स्पर्धा खेळायची त्याने लिव्हरचंच घ्यावं. हातोडीचा शेवटचा ठोका रोज सारखा पडत नाही.

खोली अवजाराच्या लांबीवर ठरते, म्हणून ती दर वेळी तीच येते. बूड पुंगळीच्या तोंडापासून साधारण एक बत्तिसांश ते एक सोळांश इंच पुढे हवं, म्हणजे पाऊण ते दीड मिलिमीटर. याहून कमी असेल तर पुंगळीचा काठ बुडाला घासून जखम करतो. फार पुढे गेली तर बुडामागे मोकळी जागा राहते, वायू कडेने निसटून शिसं कापतो. पहिल्यांदा खोली ठरवताना गोळी बसवून नळीच्या तोंडाकडून गजाने परत बाहेर काढतात आणि तिच्यावरचे वरंब्यांचे ठसे पाहतात. ठसे चारही बाजूंनी सारख्या लांबीचे हवेत. एका बाजूला लांब, दुसरीकडे आखूड असतील तर दट्ट्या तिरका आहे किंवा चेंबर वाकडं कापलेलं आहे, आणि पुढचे सगळे लाड व्यर्थ आहेत.

पुंगळीचं काम यात एकदम हलकं होतं. तिने गोळी धरायचीच नसते, म्हणून तिचं तोंड आवळावं लागत नाही. पूर्ण सामना एकाच पुंगळीवर निघतो: जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, मापाने दारू भरायची, वर पातळ बूच. नवी, जुनी, जाड, पातळ अशा पुंगळ्यांमधला फरक हा प्रश्नच मिटतो. वेग सेकंदाला १४०० फुटांच्या आसपास ठेवतात. फार पुढे गेलं की साध्या बुडाची मऊ गोळी दाब आणि घर्षण सोसत नाही आणि नळीत शिसं माखतं.

जोराकडे लक्ष ठेवायचं. एखादी गोळी अचानक सहज गेली तर तिचं बूड बारीक आहे; अचानक अडली तर चेंबरच्या पुढे काजळी साठली आहे. काळी दारू वापरणारे दोन बारांमध्ये नळीत फुंकणीने श्वासाची ओल सोडतात, म्हणजे काजळी मऊ राहते. आणि नळी नुकती स्वच्छ केली असेल तर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. त्या मोजायच्या नाहीत.

मग पुंगळीतच नीट बसवली तर?

हा आक्षेप रास्त आहे. गोळी पुंगळीतून थोडी जास्त बाहेर ठेवली तर दार लावताना ती वरंब्यांत दाबली जाते आणि फट राहत नाही. बोल्टच्या, म्हणजे दांडा पुढे ढकलून दार बंद होणाऱ्या, रायफलीत हे चालतं. पण जुन्या एकबारी रायफलींचं दार म्हणजे वर-खाली सरकणारा पोलादी ठोकळा. काडतूस पुढे रेटण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. आणि फट गेली तरी गोळीचं मागचं अंग पुंगळीच्या तोंडातच राहतं; ते तोंड वाकडं असेल तर गोळीही वाकडी.

तांब्याच्या आवरणाची गोळी का नको?

आधुनिक बेंचरेस्ट रायफल (टेबलावर टेकवून मारायची) आणि आवरणाची गोळी या जोडीपुढे शंभर वर्षांची ३२-४० टिकत नाही, यात वाद नाही. पण जुन्या नळ्यांचं पोलाद मऊ असतं, कठीण गोळ्यांनी ते झिजतं. आणि स्पर्धेचा नियमच शिशाच्या ओतीव गोळीचा असतो. मोटारी निघाल्या म्हणून शंकरपट थांबवा असं कोणी म्हणत नाही.

ऑलिंपिकशी याचा संबंध आहे का?

आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातली पॉइंट २२ ची गोळी आजही वंगण लावलेल्या शिशाची, ४० ग्रेनांची असते. पीळ बहुधा १६ इंचांत एक फेरा, म्हणजे वरचा हिशेब तसाच लावता येतो: गुरुत्वमध्य एक हजारांश इंच बाजूला असेल तर ५० मीटरवर गोळी जवळजवळ दोन सेंटिमीटर सटकेल. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. दहाच्या जागी आठ.

तिथे गोळी सुटी बसवत नाहीत. काडतूस कारखान्यातूनच बंद येतं. पण स्पर्धेच्या नळ्यांचं चेंबर इतकं तंग आणि आखूड कापतात, की बोल्ट लावतानाच गोळीची कडी वरंब्यांत रुततात. बार उडण्याआधी गोळी नळीत पकडलेली असते. न उडवलेलं काडतूस बाहेर काढलं तर शिशावर ठसे दिसतात, आणि कधी गोळी नळीतच राहून पुंगळी तेवढी हातात येते. हे मोठे नेमबाज एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं आपल्या नळीतून मारून पाहतात आणि जमेल तो घाणा एकगठ्ठा उचलतात, तेही याच कारणाने.

भारतात मात्र घरी दारू भरण्याचा उद्योग नको. काडतूस तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचं काम आहे.

धोका कुठे आहे

सर्वांत मोठा धोका दुप्पट दारूचा. आजची बिनधुराची दारू पुंगळीचा निम्माही भाग व्यापत नाही, त्यामुळे चुकून दोनदा भरली तरी ती सांडत नाही आणि वरून कळत नाही. काळ्या दारूत ही सोय आपोआप होती, पुंगळी भरली की भरली. म्हणून बूच लावण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावायचं, आणि टेबलावर एका वेळी एकच प्रकारची दारू ठेवायची.

दुसरा धोका बुचाचा. दारू पुंगळीच्या तळाशी आणि घट्ट पुठ्ठ्याचं बूच पुढे, मध्ये मोकळी जागा, अशी रचना असेल तर दाबाची लाट बुचापाशी आदळून चेंबरला आतून कड्यासारखा फुगवटा येऊ शकतो. तो एकदा आला की पुंगळ्या अडकू लागतात आणि नळीची किंमत जाते. यावर जाणकारांत अजून भांडणं आहेत, पण शहाणा पक्ष घट्ट बूच टाळतो. दारू सांडू नये एवढ्यापुरता फुलवाल्यांच्या हिरव्या फोमचा पातळ तुकडा पुरतो. काळ्या दारूत मात्र मोकळी जागा मुळीच चालत नाही. ती दाबून भरलेलीच हवी.

तिसरा धोका क्रम चुकण्याचा. गोळी बसवताना टोपी लावलेली पुंगळी चेंबरच्या जवळपासही नको. हातोडी वापरणाऱ्यांनी तर हे पाठच करावं. बार फुसका गेला आणि गोळी नळीत अडकली, तर पुढची गोळी बसवण्याआधी नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहायचं. अडकलेल्या गोळीमागे दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते.

आणि सामना मध्येच थांबला तर? तयार काडतूस बाहेर ओढलं की रायफल रिकामी होते. इथे पुंगळी निघते, गोळी वरंब्यांत रुतून बसलेलीच राहते, बोटांनी ती येत नाही. मैदानावर पुंगळी काढून ब्रीच उघडं ठेवतात आणि शेजाऱ्याला व पंचाला सांगतात की नळीत गोळी आहे. पुढे मारायचीच नसेल तर सपाट पितळी टोकाचा गज नळीच्या तोंडातून घालून ती मागे ढकलून काढतात. गज घालण्याआधी पुंगळी चेंबरमध्ये नाही हे डोळ्यांनी बघायचं, आणि गजावर हात ठेवताना तळवा नळीच्या तोंडासमोर आणायचा नाही.